अंगठ्याची उपज

जॅझचे नाव काढले की आमच्या बेळगावातल्या गाण्याच्या बैठकींतली जुनी मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. ‘मनाला येईल ते वाजवायचे आणि दमले की थांबायचे’ ही त्यांची जॅझची व्याख्या. हीच मंडळी मल्लिकार्जुन मन्सूरांनी मुखडा कुठून उचलला आणि समेवर कसे येऊन पडले यावर तासभर बोलू शकतात. म्हणजे उपज कशाला म्हणतात हे त्यांना शिकवायची गरज नाही. अडते ते एवढ्यावरच, की जॅझमधली मूळ चीज त्यांच्या ओळखीची नसते; आणि चीज ठाऊक नसली की तिचा विस्तार कुणालाही गोंगाटच वाटतो. ख्याल पहिल्यांदा ऐकणाऱ्या परक्या माणसाचेही तेच होत असणार.

तसा जॅझ आपल्या कानाला अगदीच अनोळखी नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली माणसे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गेली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ची (१९५१) गाणी ज्यांनी गुणगुणली, त्यांनी चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोवेकर ट्रंपेटवादकाचा जॅझ नकळत ऐकलेला आहे. पण तो सिनेमाच्या गाण्यात, तीन-चार मिनिटांच्या मापात बसवलेला जॅझ. श्रोत्यांसमोर, त्या घटकेला सुचत जाणारा जॅझ ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मला एकच वादक निवडायचा झाला तर मी वेस माँटगोमेरी या अमेरिकन निग्रो गिटारवादकाकडे, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे कृष्णवर्णीय म्हणू, बोट दाखवीन. अवघ्या पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य (१९२३–१९६८). आणि त्यातही त्याचे मैफलीतले जे वादन मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९६२ ते १९६५ या तीन-चार वर्षांतले.

हा विषय मी एका दिवाळी अंकासाठी का घेतला, तेही सांगून टाकतो. आमच्या सीमाभागात ‘परंपरा’ हा शब्द फार जपून वापरला जातो. घरात मराठी, रस्त्यावर कानडी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. हातातून काहीतरी निसटते आहे ही धास्ती सदाचीच. मग जे आहे ते जसेच्या तसे ठेवण्याकडे कल होतो. नाट्यगीतांच्या स्पर्धांना मी वर्षानुवर्षे जाऊन बसतो. मुले गुणी असतात. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक जागा, प्रत्येक हरकत, इतकेच काय, श्वाससुद्धा तिथल्या तिथे. टाळ्या पडतात. एकदा एका मुलीने अंतऱ्यात स्वतःची दोन वळणे घेतली. ताल सांभाळून, पदाच्या भावाला धरून घेतली. परीक्षकांनी ‘मूळ चालीशी इमान नाही’ म्हणून तिचे गुण कापले. वन्समोअर घेऊन तेच पद नव्याने रंगवणाऱ्या गायकाशी इमान राखायचे ते हे असे! परंपरेचा आदर करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही, आणि त्याचे मला पटलेले उत्तर सातासमुद्रापलीकडच्या या माणसाच्या वाजवण्यात आहे.

वेसची सुरुवातही नकलेनेच झाली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इंडियानापोलिस गावी, विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने चार्ली ख्रिश्चनची तबकडी ऐकली. ख्रिश्चन हा विजेच्या गिटारचा पहिला मोठा जॅझवादक. १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा वय पंचवीस. तोवर बँडमध्ये गिटारचे काम बहुतेक मागे बसून ठेका भरण्याचे. तिला सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आणून बोलते केले ते ख्रिश्चनने. वेसने गिटार आणि अँप्लिफायर विकत घेतला आणि त्याचे सोलो स्वरन्‌स्वर पाठ केले. गुरू नाही, पुस्तक नाही. स्वरलेखन तर त्याला आयुष्यभर वाचता आले नाही. तबकडी हाच गुरू. गावातल्या एका क्लबात त्याला काम मिळाले तेही ख्रिश्चनचे सोलो वाजवण्याचे. ते वाजवून झाले की तो मंचावरून उतरे, कारण त्यापुढचे त्याला काही येत नव्हते. हे तो स्वतःच पुढे सांगत असे.

मला या हकिकतीत नकलेचा दोष दिसत नाही. आपल्याकडेही शागीर्द वर्षानुवर्षे उस्तादाच्या मागे बसून तेच तेच घोटतो. प्रश्न एवढाच, की पाठ केलेले संपते तिथे पुढे काय? आमच्या स्पर्धेतली मुले तिथे नमस्कार करून उतरतात आणि ढाल घेऊन घरी जातात. वेसही उतरत होता. पण तो घरी जाऊन पुन्हा गिटार घेऊन बसे.

घरी बसण्याचीही एक गोष्ट आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री अँप्लिफायर लावून सराव केला की शेजारी कुरकुरत. सतारीला नखी असते तशी गिटारला पिक असते. तिने तार छेडली की आवाज टोकदार निघतो. वेसने पिक बाजूला ठेवली आणि नुसत्या अंगठ्याने, हळू आवाजात वाजवू लागला. शेजाऱ्यांसाठी केलेली ही तडजोड पुढे त्याची ओळख झाली. अंगठ्याच्या मांसल भागाने छेडलेल्या तारेचा आवाज गोल, उबदार येतो. त्याला धार नसते, वजन असते. एका अंगठ्याने, बहुतेक वरून खालीच आघात करीत, तो ज्या गतीने एकेरी स्वर वाजवतो त्या गतीचा उलगडा गिटारवाल्यांनाही सहजी होत नाही.

याच्या जोडीला त्याचे दुहेरी सप्तक. एकच स्वर मंद्र आणि मध्य, किंवा मध्य आणि तार, अशा दोन सप्तकांत एकदम. डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोन तारा दाबायच्या, मधली तार पहिल्या बोटाच्या कुशीने मुकी करायची, आणि ही पकड तशीच्या तशी गिटारच्या दांडीवर धावत न्यायची. त्याच्याआधीही गिटारवादक हे अधूनमधून करीत. पण ते सजावटीपुरते. वेसने सबंध विचारच दुहेरी सप्तकांत मांडायला सुरुवात केली. दोन गवय्यांनी एका श्वासात तीच तान घ्यावी तसे ते ऐकू येते.

नाव व्हायला मात्र १९५९ उजाडले. मधली दोन वर्षे (१९४८–५०) लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर भटकंती सोडली तर तो इंडियानापोलिसमध्येच होता. दिवसा कारखान्यात पाळी, रात्री एका बारमध्ये वादन, मध्यरात्र उलटल्यावर ‘मिसाइल रूम’ नावाच्या क्लबात पहाटेपर्यंत. घरी सात मुले. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीने त्याला तिथे ऐकले, न्यूयॉर्कला परतून ‘रिव्हरसाइड’ कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे लागला, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वेसचे ‘रिव्हरसाइड’साठी ध्वनिमुद्रण सुरू झाले.

आता त्याच्या उपजेकडे वळू. ख्याल ऐकणाऱ्याने सुरुवात करावी ती ‘इम्प्रेशन्स’ या रचनेपासून. रचना जॉन कोल्ट्रेनची. १९६१ साली वेस काही काळ कोल्ट्रेनच्या संचात वाजवत होता, तेव्हाची ओळख. २७ मार्च १९६५ रोजी पॅरिसच्या शाँझ-एलिझे नाट्यगृहात त्याने ती वाजवली आणि फ्रेंच रेडिओने मुद्रित केली, म्हणून आज ती आपल्याला मिळते. रचनेचा सांगाडा इतका साधा की आपल्या भाषेत एका वाक्यात सांगता येतो. चौसष्ट मात्रा काफी थाटाचे स्वर. मग षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि बत्तीस मात्रा त्या नव्या षड्जावर तोच काफी. मग पुन्हा बत्तीस मात्रा मूळ जागी. एकशे अठ्ठावीस मात्रांचे हे आवर्तन संपले की पुन्हा पहिल्यापासून. लय अतिद्रुत, त्यामुळे मात्रा मोजताना दमछाक होते. पण षड्ज सरकतो ती जागा कानाला एकदा सापडली की तिची वाट पाहण्यात समेची वाट पाहण्याचा आनंद आहे. वेस कधी षड्ज सरकण्याच्या ऐन क्षणी नवे वाक्य सुरू करतो, कधी अगोदरच सुरू केलेले वाक्य त्या सांध्यावरून असे ओढून नेतो की जोड दिसू नये. ‘मनाला येईल ते’ वाजवणाऱ्याला हे जमणार नाही. त्याला आधी घर कुठे आहे हे झोपेतसुद्धा ठाऊक असावे लागते.

जॅझमधली परंपरा पाळण्याची आणखी एक रीत आपल्या लोकांना फार जवळची वाटेल. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून जुन्या गाण्याचा निर्देश असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’साठी (१८८०) कानडी चालीही घेतल्या. चाल जुनी, शब्द नवे. जॅझवाले याच्या उलट करतात: जुन्या गाण्याच्या सुरावटीखालचा स्वरसंघांचा पाया, म्हणजे कॉर्डांचा क्रम, तसाच ठेवतात आणि वर नवी सुरावट बांधतात. वेसची स्वतःची ‘फोर ऑन सिक्स’ ही रचना गर्श्विनच्या ‘समरटाइम’च्या (१९३५) पायावर उभी आहे. ऐकताना ते लगेच ओळखू येत नाही. कळले की मात्र दोन्ही रचना एकाच वेळी कानात वाजू लागतात. ‘हिअर्स दॅट रेनी डे’ हे गाणे तर १९५३ च्या एका संगीत नाटकातले. न्यूयॉर्कमध्ये नाटकाचे सहा प्रयोग झाले आणि पडदा कायमचा पडला. गाणे मात्र जॅझवाल्यांनी जगवले. आपल्याकडेही नाटक विसरले गेले आणि पद बैठकीत राहिले अशी उदाहरणे वाचकांना आठवतील.

पण ज्या एका वादनासाठी मी हा सगळा खटाटोप करतो आहे ते ‘नो ब्लूज’. जून १९६५, न्यूयॉर्कचा ‘हाफ नोट’ क्लब. ‘स्मोकिन अॅट द हाफ नोट’ या तबकडीवर हे आहे. (नावावर जाऊ नये, मूळ तबकडीतल्या पाचांपैकी दोनच रचना क्लबातल्या, बाकीच्या तीन सप्टेंबरमध्ये स्टुडिओत वाजवलेल्या.) पियानोवर विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. हे तिघे कित्येक वर्षे माइल्स डेव्हिसच्या संचात एकत्र होते, आणि ‘नो ब्लूज’ ही माइल्सचीच रचना, त्यांनी त्याच्याबरोबर असंख्य वेळा वाजवलेली. म्हणजे हे घर त्यांचे. वेस आला आहे तो पाहुणा म्हणून.

ब्लूज हा अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताचा गाभा. चार-चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. त्यात षड्जाचे घर, मग मध्यमाचा फेरफटका, परत षड्ज, मग पंचमाकडून घरी. याहून साधे काय असणार? हजारो लोकांनी हजारो वेळा वाजवून गुळगुळीत केलेला रस्ता. वेस तिथे सुरुवात करतो ती जवळजवळ बोलल्यासारखी. छोटे वाक्य, मग गप्प. आणखी एक वाक्य, पहिल्याला उत्तर देणारे. मध्ये मोकळी जागा सोडतो, आणि त्या जागेत केलीचा पियानो एखादा टोला हाणतो. आवर्तनामागून आवर्तन जाते. मग एखादा तुकडा सापडतो, तो पुन्हा, पुन्हा, किंचित सरकवून पुन्हा. बोलतानेत एकच शब्द घोळवावा तसा. एकेरी स्वर संपून दुहेरी सप्तके केव्हा सुरू झाली हे ऐकणाऱ्याच्या उशिरा ध्यानात येते. शेवटी पूर्ण कॉर्डांत, एकट्या गिटारने सबंध बँडासारखे गर्जणे. सगळे मिळून तेरा मिनिटे. त्यात केलीचाही मोठा वाटा आहे.

एकेरी स्वर, दुहेरी सप्तक, मग कॉर्ड हा चढता क्रम वेसने आयुष्यभर पाळला. टीकाकारांनी त्यालाही नाक मुरडले आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी कॉर्डांची पाळी आली म्हणून कॉर्ड आले, असे मलाही वाटते. पण विलंबितानंतर द्रुत येणार हे ठाऊक असूनही आपण बैठकीत बसतोच की. क्रम ठरलेला असण्याने उपज मरत नाही. वादकाला पुढच्या पायरीवर जाण्याची गरज आतून वाटली की नाही, एवढेच पाहायचे. ‘नो ब्लूज’मध्ये ती गरज पायरीपायरीला ऐकू येते. पॅट मेथिनीसारखा पुढच्या पिढीचा बिनीचा गिटारवादक याच तबकडीला जॅझ गिटारची सर्वश्रेष्ठ तबकडी मानतो, त्याचे मला नवल वाटत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर उपज म्हणजेच सर्वस्व असा समज व्हायचा. २५ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ‘त्सुबो’ या जागी वेसची मैफल मुद्रित झाली. ‘फुल हाउस’ ही ती तबकडी. साथीला वरचे तिघेच, शिवाय जॉनी ग्रिफिनचा तडफदार सॅक्सोफोन. त्यात ‘माय फेअर लेडी’मधले एक हळवे गाणे आहे. (ज्या ‘पिग्मॅलियन’वरून हे संगीत नाटक निघाले त्यावरूनच पु. लं.ची ‘ती फुलराणी’.) इथे सॅक्सोफोन आणि पियानो गप्प. वेस ते गाणे कॉर्डांत गुंफून हळुवारपणे वाजवतो, फारशी उपज न करता, तीन-साडेतीन मिनिटांत संपवतो. समोर श्रोते आहेत, हातात सगळी करामत आहे, आणि तरी तो गाण्याला धक्का लावत नाही. सुचते म्हणून केलेच पाहिजे असे नाही, हेही त्याला कळत होते.

मग शेवटच्या वर्षांतल्या तबकड्यांचे काय? ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७) आणि तिच्या पाठोपाठची आणखी एक-दोन. निर्माता क्रीड टेलर, डॉन सेबेस्कीने लिहिलेला व्हायोलिनांचा पडदा, बीटल्सची वगैरे लोकप्रिय गाणी, आणि त्यावर वेसची दुहेरी सप्तके. अफाट खप. जॅझच्या कर्मठांनी त्याला बाजारू ठरवले. सात मुलांच्या बापाने, पहाटेपर्यंत क्लबात वाजवून सकाळी कारखाना गाठलेल्या माणसाने चार पैसे मिळवले तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? शिवाय या तबकड्या वाईटही नाहीत. आवाज तोच, सुरेल. पण मी त्या पुन्हा लावत नाही, हे खरे. त्यात कमी काय आहे? वेळ, असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकडीत सबंध राग उभा राहतो. कमी आहे ती जोखीम. गाणे सांभाळून, पुसून, जसेच्या तसे समोर ठेवले आहे. ते बिघडण्याची शक्यताच ठेवलेली नाही. आमच्या स्पर्धेतल्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यासारखे. ‘नो ब्लूज’मध्ये प्रत्येक आवर्तनाला वेस पडू शकला असता, आणि हे त्याच्या साथीदारांनाही ठाऊक आहे, म्हणून ते इतके कान देऊन वाजवतात. १५ जून १९६८ रोजी हृदयविकाराने तो राहत्या घरी गेला. व्हायोलिनांच्या पडद्यातून तो बाहेर आला असता का, याला आता उत्तर नाही.

१९६५ च्या युरोप दौऱ्यातली त्याची दूरचित्रवाणीवरची कृष्णधवल चित्रणे २००७ साली डीव्हीडीवर निघाली. लंडन आणि बेल्जियममधल्या चित्रणांत तो वाजवताना हसतो ते पाहण्यासारखे आहे; श्रोत्यांसाठी नव्हे, स्वतःच्याच हाताने काढलेल्या एखाद्या वळणाला दाद दिल्यासारखे. पण माझे आवडते चित्रण हॉलंडमधले. तिथे साथीला स्थानिक संच: पिम जेकब्स पियानोवर, त्याचा भाऊ रूड बासवर, आणि ड्रमवर विशीतला हान बेनिंक. ‘द एंड ऑफ अ लव्ह अफेअर’ या गाण्याची तालीम चालली आहे. वेसपुढे लिहिलेला कागद नाही, असता तरी त्याला तो वाचता आला नसता. तो एकेक कॉर्ड वाजवून दाखवतो, नाव सांगतो, पुढच्यावर जातो. पिम पियानोवर चाचपत त्याच्या मागे जातो. पट्टी सापडली की वेसची मान हलते. ना घाई, ना मोठेपणाचा आव. शिष्याला समोर बसवून चीज सांगणारा घरंदाज गवई याहून वेगळा काय असतो? त्यातला बेनिंक पुढे युरोपातल्या मुक्त वादनाचा अग्रणी झाला. ठेका, चीज, सांगाडा सगळे झुगारून वाजवणारा म्हणून त्याची ख्याती. त्या तालमीत मात्र तो ड्रमच्या मागे बसून वेस सांगेल ते ऐकतो आहे.